चाकामागचा दगड

दगड पापडासारखा फुटला. मी तीन पावलांवर उभी होते, म्हणून आवाजही ऐकला. मागच्या चाकाखाली तो दबला, चुरा झाला आणि राखेसारखी पांढरी भुकटी रस्त्यावर पसरली. गाडी मागे सरकायला लागली. आत नऊ म्हातारी माणसं. मागे पंधरा पावलांवर वळण, आणि वळणापुढे नुसतं आभाळ. हणमंतण्णा गाडीच्या मागच्या दाराशी होता. त्यानं मला एका हातानं ढकललं, म्हणाला, "सरका अक्का," आणि ड्रायव्हरच्या खिडकीकडे पळाला. दरीच्या बाजूनं.

दगड मी आणला होता.

हणमंतण्णा आमच्या टूरचा ड्रायव्हर आणि मी स्वयंपाकीण. बेंगळुरूच्या शिवाजीनगरात आमच्या मालकाचं एका खोलीचं ऑफिस आहे. तिथल्या मराठी माणसांना तो जगभर फिरवून आणतो. बहुतेक सरकारी कारखान्यांतून आणि संशोधनाच्या ऑफिसांतून रिटायर झालेली माणसं. त्यांना जगाच्या टोकाला जायचं असतं आणि तिथे वरणभात हवा असतो, म्हणून मी. परदेशात मालक व्हॅन भाड्यानं घ्यायचा आणि ती हणमंतण्णा चालवायचा, कारण लोक म्हणायचे, अण्णा असेल तर येतो. अकरा वर्षं आम्ही असे बरोबर फिरलो. वयानं तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पण सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणायचे.

दिसायला काही नव्हता. बुटका, मान जाड, कानांवर केस. पांढरा शर्ट, बाह्या दोनच घड्या वर. राहायचा बेंगळुरूजवळ आनेकलला. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं. तो म्हणायचा, "आमचे पूर्वज घोड्यावरून आले, मी टेम्पोवर आलो." मराठी आमच्यासारखंच बोलायचा, मध्ये कानडी पेरलेलं. आमच्या टूरवर नेहमी येणारे एक पेंडसे आहेत, मूळचे पुण्याचे, सरकारी प्रयोगशाळेतून रिटायर झालेले. ते एकदा हसून म्हणाले, "अण्णा, तुमचं मराठी म्हणजे निम्मं कानडीच आहे."

"असेल सर. तुमचं निम्मं इंग्लिश आहे. आपण दोघं मिळून एक मराठी करू."

पेंडसे त्यानंतर टूरभर त्याच्या शेजारच्या सीटवर बसले.

गाडी चालवायची त्या दिवशी तो भात खायचा नाही. म्हणायचा, भात पोटात जात नाही, डोळ्यांवर बसतो. कोरड्या चपात्या आणि चटणीपूड खायचा, उभ्यानं, बॉनेटवर डबा ठेवून. माझ्या स्वयंपाकाला त्यानं कधी चांगलं म्हटलं नाही. रोज म्हणायचा, "अक्का, मीठ स्वल्प कमी." मी मीठ तेवढंच घालायचे. अकरा वर्षं तो तेच म्हणाला आणि मी तेवढंच घातलं.

सकाळी गाडीभोवती एक फेरी. प्रत्येक टायरवर तळहातानं थाप मारायचा, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी. एकदा एक बाई म्हणाल्या, "अण्णा, हवा मोजायचं मशीन असतं हो." तो म्हणाला, "मशीन हवा सांगतं. टायरचा मूड सांगत नाही."

आणि दगड. आपल्याकडच्या गाडीत त्याच्या सीटखाली एक दगड असायचा, गोणपाटात गुंडाळलेला. काळा, एका बाजूला उतरता, पाटावरवंट्याच्या जातीचा. कुठल्याशा घाटात त्याला सापडला होता, आणि गाड्या बदलल्या तरी तो दगड बदलला नाही. उतारावर गाडी थांबली की त्याचं ठरलेलं होतं. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक, आणि चाकामागे दगड. दगड लावायचं काम जवळ असेल त्याचं, म्हणजे बहुतेक वेळा माझं. तो पुढून विचारायचा, "बसला?" मी म्हणायचे, "बसला." मग तो उतरून यायचा आणि दगडाला दोन लाथा मारायचा. कुणीही लावला असो, लाथा मारल्याशिवाय पुढचं काम नाही.

मला राग यायचा. मी म्हणाले, "मी बसला म्हटल्यावर तू पुन्हा बघतोस कशाला? मी खोटं बोलते का?"

"तुम्ही खोटं बोलत नाही अक्का. दगड बोलतो."

आयुधपूजेला तो गाडीबरोबर त्या दगडालाही हळदकुंकू लावायचा. झेंडूचं एक फूल त्याच्यावर. कुणी हसलं तर म्हणायचा, "गाडी पळते तेव्हा देव बघतो. उभी राहते तेव्हा हा बघतो."

तो मोठ्यानं बोलला असं मी एकदाच पाहिलं. चारमाडी घाटात. वळणावर समोरून ट्रक आला, अण्णाला आमची बस थोडी मागे घ्यायची होती. लोक फोटो काढायला उतरलेले. एक गृहस्थ बसच्या तोंडाशी, दरीच्या कडेला मोबाईल धरून उभे. अण्णानं बस थांबवली, उतरला, त्यांचा दंड धरला आणि डोंगराच्या बाजूला आणून उभं केलं.

गृहस्थ चिडले. "अहो, गाडी मागे चाललीय, मी पुढे उभा आहे. मला काय होणार?"

अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मागे घेताना शेपूट डोंगराकडे गेलं की तोंड दरीकडे येतं. तिथे माणूस उभा राहत नाही. राहिला तर राहत नाही."

पुढे तासभर बस चालली. मग त्यानंच विचारलं, "अक्का, चिवडा आहे का? लोकांना द्या. तोंडं बारीक झाली सगळ्यांची."

शेपूट आणि तोंडाचं ते वाक्य मी विसरले नाही. त्यालाही ते माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

चिलीची टूर पेंडशांनी काढायला लावली. तिथे उंच पठारावर ज्वालामुखींच्या मधून रस्ते जातात, मिठाची तळी आहेत, असं त्यांनी फोटो दाखवून सगळ्यांना पटवलं. विमानतळावर सामान वजनाला घातलं, तर स्वयंपाकाची पेटी जास्त भरली. उघडली. तांदूळ, डाळ, मसाले, माझा मोठा कुकर, आणि खाली गोणपाट. हा माणूस दगड घेऊन निघाला होता.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "हे काय आहे सर?"

"दगड."

"कशासाठी?"

"चाकासाठी."

रांगेतले सगळे हसले. मी हसले नाही, मला घाई होती. म्हणाले, "हे बघ, एक तर दगड जाईल नाही तर कुकर. कुकर नसला तर ही माणसं काय खाणार? आणि सगळा देश डोंगराचा म्हणतात. तिथे दगडांना काय तोटा?"

त्यानं दगड पेटीतून काढला. मग म्हणाला, "सरी," म्हणजे ठीक. त्याची बायको रत्ना सोडायला आली होती. त्यानं बाहेर दाराशी जाऊन दगड तिच्या हातात दिला. ती तो मांडीवर घेऊन बसनं आनेकलला परत गेली.

तिथे पोचल्यावर दोन दिवस खालच्या गावात काढले, उंचीची सवय व्हावी म्हणून. मग वर. मी पुष्कळ देश पाहिले, असा पाहिला नव्हता. झाड नाही. पिवळ्या गवताचे खुंट, आणि माती कुठे विटेसारखी, कुठे हळदीसारखी, कुठे वाळलेल्या शेणासारखी. एक डोंगर दूरवर धुमसत होता, चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखा. उंट आणि हरिण यांच्या मधलं एक जनावर रस्त्यात उभं राहून आमच्याकडे बघायचं. रस्ता कच्चा, कठडा नाही. पेंडसे म्हणाले, आपण पंधरा हजार फुटांवर आहोत. दहा पावलं चाललं की माणूस कुत्र्यासारखा धापा टाकायचा.

पहिल्या दिवशी अण्णा एका सपाट जागी थांबला. खाली उतरून चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली.

"अक्का, ही घाटाची माती नाही."

"मग कसली?"

"माहीत नाही. ओळख नाही."

तेव्हापासून तो सपाट जागा शोधूनच थांबला. कुणाला लघवीला जायचं असलं तरी दोन दोन मैल धरायला लावायचा. लोक कुरकुरले. त्यानं ऐकलं नाही. एका ठिकाणी एक तिकडचा ट्रक ड्रायव्हर भेटला. त्याला आपली भाषा येत नव्हती, ह्याला त्याची. ह्यानं सरळ कानडी सुरू केलं. अर्धा तास दोघं ट्रकच्या चाकाजवळ बसून बोलले, हातांनी वळणं दाखवत. निघताना त्यानं ह्याला चघळायला वाळलेली पानं दिली, उंचीवर बरं वाटतं म्हणून. हा परत येऊन म्हणाला, "पान दिलं, चुना नाही दिला. माणूस चांगला आहे, पद्धत अर्धी आहे."

त्या उंचीवर पाणी उकळतं पण डाळ शिजत नाही. कुकरमध्येसुद्धा दुप्पट शिट्ट्या लागायच्या. तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "अक्का, कुकर आणला ते बरं झालं."

अकरा वर्षांत त्यानं मला बरं म्हटलं ते एवढंच.

चौथ्या दिवशी सकाळी, दहा वाजले असतील, चढ चालू होता. पुढच्या सीटवर देशपांडेबाई होत्या. त्यांना श्वास लागला. ओठ निळे झाले. त्यांचा नवरा घाबरून त्यांचे हात चोळायला लागला. ऑक्सिजनचा सिलिंडर मागच्या बाजूला सामानात होता. अण्णानं पुढे पाहिलं, सपाट जागा नव्हती. उजवीकडे डोंगर, डावीकडे दरी, आणि तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. त्यानं गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला, पण भाड्याच्या गाडीचा तो पुरता धरत नव्हता. इंजिन बंद केलं नाही आणि गिअरही टाकला नाही, कारण हीटर चालू ठेवायला हवा होता, बाई थंडीनं कापत होत्या. इतक्या वर्षांत नियम मोडलेला मी तेवढाच पाहिला.

"अक्का, दगड."

मी उतरले. दगड रस्त्याच्या कडेलाच पडले होते, करड्या पांढऱ्या रंगाचे, भोकं भोकं असलेले. घमेल्याएवढा एक बघितला आणि उचलला. एका हातानं उचलला गेला. माझं वय एकोणसत्तर. त्या उंचीवर तरणी माणसं पाण्याची बाटली उचलताना थकत होती. मी मनात म्हटलं, सुंद्रा, अजून जोर आहे तुझ्यात. खरं सांगते, मला बरं वाटलं.

दगड चाकामागे ठेवला, पायानं आत सरकवला.

"बसला?" तो मागच्या दारातून सामान उपसत होता.

"बसला."

त्यानं सिलिंडर आतल्या हातांत दिला. मग चाकाकडे वळला. पाय उचललाही होता, मी पाहिलं. तेवढ्यात आतून देशपांडे ओरडले, "अण्णा, हे उघडायचं कसं?" तो पुन्हा दाराकडे वळला. "डावीकडे फिरवा सर, हळू," म्हणाला.

लाथ राहिली. मग दगड फुटला.

पुढचं थोडंच आहे. खालच्या गावातली माणसं दोन तासांनी आली. दोर लावून त्याला वर काढलं. मीच ओळख पटवली, दुसरं कोण पटवणार? त्याला घरी आणायला बरेच दिवस गेले. आनेकलला सगळे सोपस्कार झाले. मी तिथे आठ दिवस स्वयंपाक केला, पन्नास माणसांचा. ते काम मला येतं.

मग लोक बोलायला लागले. आत बसलेल्यांनी दगड पाहिलाच नव्हता, त्यांची नजर देशपांडेबाईंवर होती. मालकानं विम्यासाठी कागदावर लिहून दिलं की ड्रायव्हरनं गाडी नीट अडवली नव्हती. आनेकलच्या टेम्पो स्टँडवर त्याच्याच बरोबरीचे लोक म्हणायला लागले, हणमंता विसरला. कुणी म्हणालं, उंचीवर डोकं चालत नाही. कुणी म्हणालं, वय झालं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर उतारावर दगड लावल्याशिवाय पाय खाली ठेवला नाही, त्याच्याबद्दल लोक असं बोलत होते आणि रत्ना रोज भाजी आणायला त्याच स्टँडवरून जात होती.

मी गप्प राहिले. कुणी विचारलं नाही म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. भीती वाटत होती.

दोन महिन्यांनी पेंडसे माझ्या घरी आले. माझी झोप गेली आहे आणि मी स्वयंपाकाची कामं सोडली आहेत, हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. ज्यांना सांगितलं असे ते पहिलेच. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्यात एक खडा होता. तसलाच, करडा, भोकाभोकांचा. त्यांनी तो तिथून आठवण म्हणून आणला होता. म्हणाले, "अक्का, एका पातेल्यात पाणी द्या."

मी दिलं. त्यांनी खडा पाण्यात सोडला. तो तरंगला.

"हा दगड म्हणायलाच नको," ते म्हणाले. "ज्वालामुखीतून फेस येतो ना, तो थिजला की असा होतो. आत सगळी हवा. तुमच्या न्हाणीघरात टाच घासायला असेल बघा, तोच. अहो, तुम्हाला कसं कळणार? मी एवढी पुस्तकं वाचली, मला माहीत होतं, आणि मी गाडीत बसून होतो. माझ्या डोक्यात आलं नाही."

ते माझं मन हलकं करायला आले होते. चहा पिऊन गेले. खडा विसरले की मुद्दाम ठेवला, माहीत नाही. तो दिवसभर पाण्यावर तरंगत होता. मी सारखी जाऊन बघत होते. तेव्हा मला कळलं की माझ्या हातात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी बस धरून आनेकलला गेले. रत्ना दारातच बसली होती, शेंगा सोलत. घराची गल्ली उताराची आहे. तो काळा दगड भिंतीला टेकून ठेवलेला, त्याच्यावर गोणपाटही नव्हतं.

मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. "रत्ना, तो विसरला नव्हता. त्यानं दगड मागितला. मी आणला. तिकडचा दगड पोकळ होता, मला कळलं नाही. त्यानं विचारलं, बसला? मी म्हटलं, बसला."

ती शेंगा सोलत राहिली. सोलता सोलता म्हणाली, "लाथ मारून बघायचे ना ते?"

"मारणार होता. आतून हाक आली. मग थांबला. माझ्या शब्दावर थांबला."

तिनं सूप बाजूला ठेवलं. काळ्या दगडाकडे बोट केलं. "अक्का, बत्तीस वर्षं गाडी या गल्लीत लागायची तेव्हा दगड मी लावायची. रोज. आणि रोज ते येऊन लाथ मारायचे. माझ्या शब्दावर ते एकदासुद्धा थांबले नाहीत."

मी तिच्याजवळ खाली बसले.

"आयतु," ती म्हणाली. म्हणजे झालं. "आता स्टँडवर जा आणि हेच तिथे सांगा. मला एकटीला सांगून काय उपयोग?"

गेले. टेम्पोवाल्यांच्या घोळक्यात उभी राहून कानडीत सगळं सांगितलं. दगड कुणी आणला ते आधी सांगितलं. एकानं विडी विझवली. मग शिवाजीनगरला जाऊन मालकाला म्हटलं, कागद काढ, मी सांगते तसं लिही. त्यानं पुष्कळ समजावलं, आता त्याचा काय उपयोग, तुम्ही अडचणीत याल. मी म्हटलं, लिही. त्यानं लिहिलं. खाली मी सही केली, सुंद्राबाई, पूर्ण नावानं.

लोक मला विचारतात, तू त्याला शेवटचं कसं पाहिलंस. सांगते.

गाडी मागे चालली होती. तो दरीच्या बाजूनं, खिडकीतून हात आत घालून, गाडीबरोबर मागे मागे पळत होता. दार उघडायला वेळ नव्हता. स्टिअरिंग त्यानं उजवीकडे पूर्ण फिरवलं. दरीकडे तो बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. तो गाडीच्या शेपटाकडे बघत होता, डोंगराकडे जातं की नाही ते. आणि तोंडानं म्हणत होता, "बरली, बरली." आपल्याकडे बस मागे घेताना मागून ओरडतात ना, येऊ दे, येऊ दे, तसं. हळू आवाजात, घाई नसल्यासारखं. शेपूट डोंगराला जाऊन धडकलं. तोंड दरीकडे फिरलं. तिथे त्याला पाय ठेवायला जागा नव्हती.

गाडी थांबली. इंजिन चालूच होतं.

आत नऊ जण होते. नऊही वाचले. देशपांडेबाईसुद्धा. बाहेर आम्ही दोघं होतो. त्यातली मी वाचले.